तिन्ही पट्टे आपलेच

पुण्याहून रेल्वेने नगरला जायचे तर दौंडला वळावे लागते. आता बाहेरून जोडमार्ग झाला आहे. पण मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंडला थांबून इंजिन फिरवावे लागे, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना चांगले आठवते. ९ ऑगस्ट १९४२ या रविवारी याच मार्गाने एक खास गाडी गेली. गाडीत प्रवासी थोडे आणि पोलीस पुष्कळ होते. आदल्या रात्री मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला होता. पहाटे काँग्रेसच्या नेत्यांना घरांतून उठवून बोरीबंदरवर आणले आणि या गाडीत बसवले. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेले. पुणे स्थानकावर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ते पाहून पंडित नेहरू डब्यातून खाली झेपावले. त्यानंतर गाडी दौंडमार्गे नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पोहोचली. तिथल्या भुईकोट किल्ल्यात या नेत्यांना डांबण्यात आले.

गाडीत काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. बॅरिस्टर आसफ अलीही होते. त्यांना निरोप द्यायला त्यांच्या पत्नी अरुणा बोरीबंदरवर आल्या होत्या. गाडी सुटली आणि अरुणाताई तडक गवालिया टँकच्या मैदानावर गेल्या. तिथे झेंडावंदन ठरले होते, पण ज्यांनी यायचे ते नेते पोलिसांच्या ताब्यात होते. पोलिसांनी मैदान सोडण्याचा हुकूम दिला होता. अरुणा आसफ अलींनी पुढे होऊन दोरी ओढली आणि तिरंगा वर गेला. पाठोपाठ अश्रुधूर आणि लाठ्या आल्या. मुंबईत पत्नी तो झेंडा चढवत होती, तेव्हा पती त्याच झेंड्यासाठी कैदी होऊन आपल्या मुलखाकडे येत होता.

दौंड-शिरूरच्या किती घरांत ही गोष्ट मुलांना सांगितली जाते? दौंडला भीमा ओलांडली किंवा शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. तो किल्ला आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे. असे असूनही पंधरा ऑगस्ट जवळ आला की आपल्या मोहल्ल्यांत वेगळीच चर्चा कानावर येते. "या वेळी झेंडा मोठा लावा, लोक बघतात." "आपण नाही लावला तर काय म्हणतील?" अशी वाक्ये भीतीतून येतात. भीतीने लावलेल्या झेंड्यात प्रेम कमी आणि पुरावाच जास्त असतो. म्हणून या झेंड्याशी आपले नाते नेमके काय आहे, ते एकदा नीट समजून घेऊ.

किल्ल्यातला कैदी

नगरच्या किल्ल्यात मौलाना जवळपास पावणेतीन वर्षे होते. आसफ अली आणि बिहारचे डॉ. सय्यद महमूद हेही तिथेच होते. पंडित नेहरूंनी त्याच किल्ल्यात 'भारताचा शोध' हा ग्रंथ लिहिला. मौलानांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे लिहिली. ती पाठवण्याची सोय नव्हती, तरी ते लिहीत राहिले.

तिकडे कलकत्त्यात मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम आजारी पडल्या आणि आजार वाढत गेला. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर ती वर पोहोचवू, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले. ज्या सरकारशी लढा चालू आहे त्याच्यापुढे स्वतःसाठी हात पसरायचा नाही, असे मौलानांनी ठरवले होते. त्यांनी विनंती केली नाही. ९ एप्रिल १९४३ रोजी जुलेखा बेगम अल्लाहला प्यारी झाल्या. शेवटची भेट झाली नाही आणि जनाजाला खांदा देणेही नशिबी आले नाही. ती बातमी मौलानांनी नगरच्या भिंतीआड ऐकली.

घरात आजारी माणूस असताना दूर अडकून पडणे म्हणजे काय, हे आपल्या आया-बहिणींना सांगायला नको. मौलानांनी हे दुःख कधी कोणापुढे पुरावा म्हणून मांडले नाही. देशावरचे प्रेम त्यांच्या लेखी कुणाला दाखवायची गोष्ट नव्हती. ते त्यांच्या जगण्यातच होते.

जून १९४७ मध्ये स्वतंत्र भारताचा ध्वज ठरवण्यासाठी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, कन्हैयालाल मुनशी यांच्याबरोबर मौलाना आझादही होते. आज आपण ज्या ध्वजाला सलाम करतो, तो ठरवणाऱ्यांत नगरच्या किल्ल्यातला हा कैदी होता.

सोलापूरचा कुर्बान

दौंडहून दुसरा लोहमार्ग सोलापूरला जातो. त्या मार्गाच्या टोकाला या झेंड्याची आणखी एक हकिकत आहे.

१९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला. सोलापूरकर आजही ही आठवण अभिमानाने सांगतात. महिन्याभरात गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचे हे शहर पेटून उठले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. हातात झेंडा घेतलेला शंकर शिवदारे हा तरुण गोळी लागून पडला, असे सोलापूर सांगते. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली आणि दोन पोलीस मारले गेले. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमलच उरला नाही. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला. त्या काळात झेंडा बाळगणे हाही गुन्हा ठरला आणि गांधी टोपी दिसली तरी मार बसू लागला.

पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून चौघांवर खटला चालला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, अशी त्यांची नावे. कुर्बान हुसेन हा कामगारांमध्ये वावरणारा आणि 'गझनफर' हे पत्र चालवणारा तरुण होता. हे चौघे निरपराध आहेत, अशी सोलापूरच्या जनतेची भावना होती. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात चौघांनाही फाशी देण्यात आले. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुसलमान एकाच दिवशी एकाच तुरुंगात फासावर गेले. सोलापुरात त्यांचे पुतळे आजही एका चौकात शेजारी शेजारी उभे आहेत.

त्याच्या बरोबर एक महिना आधी, १२ डिसेंबर १९३० रोजी, मुंबईत परदेशी कापडाने भरलेली गाडी अडवताना बाबू गेनू चिरडला गेला. तो आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. त्यानंतर काही महिन्यांनी, २३ मार्च १९३१ रोजी, खेडचे राजगुरू लाहोरला फासावर गेले. आंबेगाव आणि खेड हे दोन्ही तालुके आज शिरूर लोकसभा मतदारसंघात आहेत. एका हिवाळ्यात आपल्या या टापूने आणि सोलापूरने काय काय दिले, याचा हिशेब मुलांपुढे मांडला तर त्यात कुणाचे नाव वगळता येत नाही.

हिरवा पट्टा 'आमचा' का नाही?

"झेंड्यातला हिरवा रंग मुसलमानांचा," असे आपल्या मुलांना शाळेत कोणीतरी सांगते. घरी येऊन ती खुशीने ते आपल्याला ऐकवतात आणि बहुतेक वेळा आपणही मान डोलावतो. ही समजूत जुनी आहे आणि तिला एक काळ आधारही होता. म्हणून ती कशी आली आणि कशी सोडून दिली गेली, हे जाणून घ्यायला हवे.

१९२१ साली बेझवाडा, म्हणजे आजच्या विजयवाडा येथे पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना झेंड्याचा नमुना दाखवला. त्या वेळच्या कल्पनेत लाल रंग हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा होता. इतर सर्व धर्मीयांसाठी गांधीजींनी पांढरा पट्टा घालायला सांगितला. जालंदरच्या लाला हंसराज यांच्या सूचनेवरून चरखा आला. सोलापुरात ज्याच्यासाठी गोळ्या झेलल्या गेल्या, तो झेंडा या घडणीचा होता.

पण रंगांची अशी वाटणी फार दिवस टिकली नाही. शीख बांधवांनी विचारले, आमचा रंग कुठे आहे? प्रश्न रास्त होता. एकाला पट्टा दिला की दुसराही मागणार आणि शेवटी झेंड्याची गोधडी होणार. म्हणून १९३१ च्या कराची अधिवेशनात सात जणांची समिती नेमली गेली. सरदार पटेल, पंडित नेहरू, मास्टर तारासिंग, काकासाहेब कालेलकर, डॉ. ना. सु. हर्डीकर, पट्टाभि सीतारामय्या आणि मौलाना आझाद हे तिचे सदस्य होते. १९४७ च्या आधी सोळा वर्षेही मौलाना झेंड्याच्या कामात होतेच.

या समितीने सगळा झेंडा एकाच केशरी रंगाचा असावा आणि त्यावर चरखा असावा, अशी शिफारस केली. मौलाना आझाद सदस्य असलेल्या समितीने पूर्ण केशरी झेंडा सुचवला, हे आज ऐकून अनेकांना नवल वाटेल. रंगाला धर्माची पाटी लावायची नाही, असे ठरल्यावर केशरी रंगाचे वावडे राहण्याचे कारणच नव्हते. काँग्रेसच्या महासमितीने मात्र ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत तीन रंगच कायम ठेवले आणि त्यांचा अर्थ बदलला. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य. या रंगांना जातीय अर्थ नाही, असे त्या ठरावाने स्पष्ट केले.

२२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीत ध्वजाचा ठराव मांडला. चरख्याच्या जागी त्याच्याशीच नाते सांगणारे अशोकाचे चक्र आले. निळ्या रंगाचे, चोवीस आऱ्यांचे. डॉ. राधाकृष्णन यांनी रंगांचा अर्थ उलगडला. केशरी म्हणजे निःस्वार्थ वैराग्य, पांढरा म्हणजे सत्याचा प्रकाश, हिरवा म्हणजे ज्या मातीवर आणि झाडापेरावर आपण जगतो तिच्याशी आपले नाते. आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला यांनी ठरावाला पाठिंबा देताना सांगितले की भगवा हा हिंदू संन्याशांप्रमाणे मुसलमानांतल्या विरक्त माणसांचाही रंग आहे. गेरूच्या रंगाची कफनी घातलेले फकीर ज्याने उरुसात पाहिले आहेत, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

एक घरगुती आठवणही इथे नोंदवली पाहिजे. ध्वजाचे १९४७ चे अंतिम रूप तयार होताना सनदी अधिकारी बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी सुरय्या यांनी काम केले, असे त्यांच्या कन्या, हस्तकला क्षेत्रातल्या कार्यकर्त्या लैला तय्यबजी यांनी लिहिले आहे. मूळ कल्पनेचा मान पिंगली वेंकय्या यांना दिला जातो. एवढ्या मोठ्या गोष्टीला अनेक हात लागलेले असतात आणि त्यांत एका मुस्लिम गृहिणीचाही हात होता.

तेव्हा मुलांना सांगायचे ते एवढेच. हिरवा पट्टा आपला आहे आणि केशरी व पांढराही तितकाच आपला आहे. आपण एका पट्ट्यावर हक्क सांगितला की बाकीचे दोन आपणच सोडून देतो. मग उद्या कुणी म्हटले, "तुमच्या वाट्याला एवढेच," तर त्याला काय उत्तर देणार?

तो जुमा

१५ ऑगस्ट १९४७ रोजी शुक्रवार होता. रमजान चालू होता आणि तो रमजानचा शेवटचा जुमा होता. म्हणजे देशातल्या लाखो मुसलमानांनी स्वातंत्र्याचा पहिला दिवस रोजा ठेवून पाहिला आणि तिसऱ्या दिवशी, १८ ऑगस्टला, ईद साजरी केली. आदल्या मध्यरात्री घटना समितीच्या सभागृहात हंसा मेहता यांनी भारतातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण केला होता. फाळणीच्या दंगलींनी तेव्हा उत्तर भारत होरपळत होता आणि मने धास्तावलेली होती. तरीही इथे राहायचे ठरवलेल्या मुसलमानांनी तो झेंडा आपला मानला. तो निर्णय आपल्या आजोबा-पणजोबांनी घेतला. आपण त्यांचे वारस आहोत.

ताजीम आणि इबादत

झेंड्याला सलाम करणे दीनच्या विरुद्ध तर नाही ना, अशी शंका काही घरांतून येते. शंका प्रामाणिक असेल तर तिला हसू नये, नीट उत्तर द्यावे.

इबादत फक्त अल्लाहची. याबद्दल मुसलमानाच्या मनात दुमत नाही. पण ताजीम, म्हणजे आदर, ही वेगळी गोष्ट आहे. वडील आले की आपण उठून उभे राहतो, उस्तादांपुढे आवाज खाली ठेवतो. त्याला कुणी इबादत म्हणत नाही. झेंड्यापुढे सावधान उभे राहणे हा असाच आदर आहे. शाळेतले झेंडावंदन म्हणजे नमाज नव्हे आणि पूजाही नव्हे.

झेंड्याचा मान आपल्या इतिहासाला नवा नाही. मुताच्या लढाईत हजरत जैद (रजि.) शहीद झाल्यावर झेंडा हजरत जाफर (रजि.) यांनी घेतला. त्यांच्यानंतर तो हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) यांनी उचलला. तो कापडाचा तुकडाच होता, पण सोपवलेली अमानत होती म्हणून तो पडू दिला नाही. वतनाच्या प्रेमाचेही तसेच. मक्का सोडताना हुजूर (स.) यांचे मन किती भरून आले होते, ते हदीसच्या किताबांत आहे. जिथे जन्मलो त्या मातीची ओढ लागणे ही माणसाची फितरत आहे. दीन तिला दाबायला सांगत नाही.

अमानत हाच शब्द इथे चपखल बसतो. ती सांभाळायची असते, मिरवायची नसते. आणि ती सांभाळण्याचे काही कायदे असतात.

हक्क आहे, सक्ती नाही

एके काळी सामान्य नागरिकाला वर्षभर घरावर राष्ट्रध्वज लावण्याची मुभा नव्हती. ठराविक दिवशीच तो लावता येई. उद्योजक नवीन जिंदल यांनी आपल्या कारखान्यावर ध्वज लावण्यासाठी न्यायालयात लढा दिला. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि सर्वांना ही मुभा मिळाली. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मानाने ध्वज लावणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. डिसेंबर २०२१ मध्ये खादीबरोबर यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. जुलै २०२२ मध्ये घरावरचा ध्वज रात्रीही ठेवण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी 'हर घर तिरंगा' मोहीम झाली आणि झेंडे किराणा दुकानापर्यंत पोहोचले.

म्हणजे आपल्या दारावर झेंडा लावणे हा आपला हक्क आहे. तो कुणी दिलेली परवानगी नाही. झेंडा लावलाच पाहिजे अशी घरमालकावर कायद्याची सक्तीही नाही. राज्यघटनेच्या कलम ५१ (क) ने ध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर करणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. आदर सर्वांनी करायचा, झेंडा लावायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवायचे. ही गोष्ट नीट समजली की मोहल्ल्यातली धास्ती निम्मी होते. लावा तर मनापासून लावा. शेजाऱ्याचा झेंडा केवढा आणि आपला केवढा, असे मोजू नका.

घरात आणि जुलुसात

प्रेम असले तरी माहिती नसली की चुका होतात. काही चुका गुन्हाही ठरतात. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाला प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. म्हणून खालील गोष्टी घरातल्या मोठ्यांनी तरुणांना सांगून ठेवाव्यात.

ध्वजावर काहीही लिहायचे नाही. मिलादच्या जुलुसात, उरुसात किंवा क्रिकेटच्या विजयात काही मुले उत्साहाच्या भरात तिरंग्यावर मजकूर किंवा चित्र काढतात. ते मंडळाचे नाव असो, खेळाडूचे असो की पाक कलमा असो, कायद्याला ते मान्य नाही. कलम्याचा मानही त्यात राहत नाही, कारण तो झेंडा पुढे कुठे पडेल आणि कुणाच्या पायाखाली येईल ते सांगता येत नाही.

राष्ट्रध्वज ज्या काठीवर आहे त्या काठीवर दुसरा झेंडा लावायचा नाही. त्याच्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा झेंडा किंवा पताका लावायची नाही. दर्ग्याचा निशाण आणि तिरंगा दोन्ही लावायचे असतील तर तिरंग्याला वेगळी आणि वरची जागा द्यावी.

केशरी पट्टा नेहमी वर. भिंतीवर उभा लावला तर पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी आला पाहिजे. ध्वजाच्या लांबी-उंचीचे प्रमाण तीनास दोन असते. फाटका, मळका, चुरगळलेला ध्वज लावू नये. तो जमिनीला किंवा पाण्याला टेकू देऊ नये.

गाडीच्या टपावर, बाजूला किंवा मागे तो पांघरायचा नाही. मोटारीवर ध्वज फडकवण्याचा मान ठरावीक पदांवरच्या व्यक्तींनाच आहे. उशी, रुमाल, हातपुसणे यांवर ध्वज छापायचा किंवा विणायचा नाही. कमरेखालच्या कपड्यात तो वापरायचा नाही. शिवणकाम करणाऱ्या आपल्या भगिनींनी हे खास लक्षात ठेवावे, कारण स्नेहसंमेलनाचे कपडे शिवायला त्यांच्याकडेच येतात.

फडकवण्याआधी ध्वजात फुलांच्या पाकळ्या ठेवता येतात. शासकीय किंवा लष्करी इतमामाच्या अंत्यविधीत ध्वज पांघरला जातो. पण तो कबरीत उतरवत नाहीत आणि चितेवरही जाळत नाहीत. ज्या घरातला मुलगा फौजेत किंवा पोलिसात आहे, त्यांना ही रीत ठाऊक असावी.

ध्वज जीर्ण झाला तर तो कचऱ्यात टाकू नये. संपूर्ण ध्वज एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून नष्ट करावा, असे संहिता सांगते. पाक मजकुराचे जुने कागद आपण रस्त्यावर पडू देत नाही, अदबीने बाजूला ठेवतो. ती अदब आपल्याला घरातूनच मिळालेली आहे. कागदी झेंड्यांनाही हाच नियम आहे.

झेंड्याखालचे काम

दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात क्रमांकाचे. जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. त्या मैदानांवर कवायत असते. दौंडच्या यार्डात रात्रपाळी करणारा रेल्वे कामगार, रांजणगावच्या कारखान्यात उभे राहून काम करणारा मुलगा, भीमेच्या काठी ऊस तोडणारी जोडपी आणि शिरूरच्या बाजारात खरे माप देणारा दुकानदार, हे सगळे त्या झेंड्याखालीच काम करतात. लाच न देणे, रांगेत उभे राहणे, मुलगी शिकवणे, मतदार यादीत नाव तपासून मत द्यायला जाणे, शेजारी दवाखान्यात असेल तर धर्म न विचारता रक्त द्यायला धावणे, ही देशभक्ती वर्षभर चालते. पंधरा ऑगस्टला आपण तिची फक्त उजळणी करतो.

आपल्या देशभक्तीवर शंका घेणारे भेटतात, कधी बसमध्ये, कधी मोबाइलवर, कधी शाळेच्या फाटकापाशी. अशा वेळी मुलाने चिडू नये आणि गयावयाही करू नये. ९ ऑगस्टची गाडी, नगरचा किल्ला आणि येरवड्यात फासावर गेलेला कुर्बान हुसेन त्याला माहीत असतील तर तो शांतपणे बोलू शकेल. त्याच्या शेजारी धनशेट्टी, सारडा आणि शिंदे होते, हेही त्याने सांगावे. त्या चौघांना वेगळे करून बोलणे हा त्यांचा अपमान आहे, मग तो कुणीही करो.

येत्या पंधरा ऑगस्टला एक गोष्ट आपल्या मोहल्ल्याने ठरवून करावी. झेंडावंदन होईल, प्रभातफेरी निघेल, जिलेबी वाटली जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी फजरनंतर चार-सहा तरुणांनी आणि मुलांनी पिशव्या घेऊन गल्लीतून, शाळेच्या मैदानातून, बसस्थानकावरून एक फेरी मारावी. चिखलात पडलेले, गटाराच्या कडेला अडकलेले कागदी आणि प्लास्टिकचे झेंडे उचलावेत. कोणाचा झेंडा आहे, कोणी टाकला, हे विचारू नये. मातीचे झेंडे हलक्या हाताने पुसून, घडी घालून बाजूला ठेवावेत. त्या कामाचे फोटो काढायची गरज नाही. मुले बघतील आणि तेवढे पुरेसे आहे.